शिर्दाकामागचा जॉइंट

६ नोव्हेंबर
नारिन शहरातल्या बालवाडीत वायरमन म्हणून रुजू झालो. स्वागत झकास: कणकेचे गरम तळलेले बोर्सोक, दूध घातलेला चहा आणि बत्तीस पोरांचं बेसूर गाणं. संचालिका साल्किन-एजे (एजे म्हणजे इथली ताई) म्हणाल्या, सोमवारपासून विजेचे हीटर लावायचेत, पोरं दुपारी थंडीनं झोपत नाहीत. मी म्हटलं, उस्ता आलाय, कसबी कारागीर, आता निर्धास्त राहा.

७ नोव्हेंबर
वायरिंग पाहिलं. आधीचा वायरमन चोयुबेक बहुधा वेण्या घालायला शिकून आला होता. तांब्याची तार ॲल्युमिनियमच्या तारेला नुसती पिळलेली, वर चिकटपट्टी. असला जॉइंट भार पडला की तापतो, सैल होतो, आणखी तापतो, मग पेटतो. आणि झोपायच्या खोलीतली जॉइंटची पेटी दिसू नये म्हणून एजेंनी तिच्यावर लोकरीचा जाड गालिचा, इथला शिर्दाक, टांगलाय. शोभा म्हणे! चुलीला शाल पांघरलीय.

८ नोव्हेंबर
शिर्दाक उतरवला. सगळे पीळ कापले, टोकं घासली, पितळी कनेक्टर कसले. तासभर हीटर चालवून हात लावला: थंडगार. स्वयंपाकीण तुर्सुनायनं टोमणा मारलाच की बायके — इथे दादाला असंच म्हणतात — चोयुबेकही पहिल्या आठवड्यात असाच फुशारायचा. त्या वेणीवाल्याशी माझी तुलना!

११ नोव्हेंबर
पोरं झोपली. भिंत कोमट लागली. पेटीत कनेक्टर सुटून पडलेला, तारा पुन्हा पिळलेल्या. कुणा टवाळाचं काम. कनेक्टर पुन्हा घट्ट बसवला, पेटीला कुलूप घातलं. किल्ली माझ्या खिशात.

१२ नोव्हेंबर
कुलूप जसंच्या तसं. आत पीळ. मेन स्विच पाडला — पीळ तरी गरमच. एजेंना म्हटलं, पोरं घरी पाठवा. त्यांनी उलट विचारलं, आईबाप कामावर, घरं गार, पाठवू कुणाकडे? वर म्हणाल्या, उस्ता आहात की ससा?

१३ नोव्हेंबर
तुर्सुनायला विचारलं, चोयुबेक नोकरी सोडून गेला कुठे. म्हणाली, गेला कोण म्हणतं? पेटीशी बसला होता, मागे फक्त जोडे उरले. तेव्हापासून तीन हिवाळे भिंत तापली नाही. ते पीळ म्हणजे तोच. तुम्हीच त्याला कापलंत, बायके.
अडाणी बाई. — झोप नाही.

१४ नोव्हेंबर, दुपार
धूर. बत्तीसही झोपलेली. मेन बंद — तरी तारा लाल. हातानंच पीळ धरला — विझला. सोडला — ठिणग्या. पुन्हा धरला.

डावा हात पेटीत. उजव्यानं लिहितोय. तारा बोटांभोवती — आता मनगट — दुखत नाही. भिंत गार पडली. पोरं घोरतायत. हाक मारली तर कुणीतरी मला ओढून सोडवेल, आणि मग —

नको.

कोपरापर्यंत आलं. हिसडा देऊन पाहिला. इतका पक्का जॉइंट मी उभ्या आयुष्यात —