मुंबईत उतरायचं कुठे

रविवार, २१ एप्रिल १९५७

पेपर तपासून हेडमास्तरांच्या टेबलावर नेऊन ठेवले. सुट्टी लागली. लग्न झाल्यापासून यमुनेला घेऊन मी नाशिकच्या बाहेर पडलेलो नाही, तेव्हा यंदा मुंबई नक्की. उतरायचं कुठे यावर मात्र घरात दोन पक्ष. यमुनेची थोरली बहीण, अक्का, वरळीला, बीडीडी चाळीत. यमुना म्हणते, सख्खी बहीण असताना दुसरीकडे कशाला? माझं मन गिरगावात. मधूने गेल्या उन्हाळ्यात तुरुंगाच्या दारात दंडाला धरून सांगितलं होतं, 'मुंबईला आलास आणि दुसरीकडे उतरलास तर बघ.' संयुक्त महाराष्ट्रासाठी आत गेलो आणि हा मिळाला. एका थाळीत जेवलो.

यमुना म्हणाली, "सुट्टीला चाललोय का परीक्षेला?"

अशा वेळी मी पंचा घेऊन आंघोळीला जातो.

मंगळवार, २३ एप्रिल

तोड निघाली. आधी गिरगाव, मग वरळी. अक्काला निरोप गेला, तिचा उलट निरोप: गिरगाव तर गिरगाव, आमची खोली काही पळून जात नाही.

मधूला पत्र टाकलं. त्यात एक ओळ घालायची होती. आम्ही महार, आणि गेल्या दसऱ्याला नागपूरला दीक्षा घेतली, हे तू घरी सांगितलं आहेस ना? घातली नाही. एका थाळीत जेवलेल्या माणसाला असं विचारणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं.

शुक्रवार, २६ एप्रिल. गिरगाव

मधूकडे पोचलो. दोन खोल्या, पुढे गॅलरी, खाली बोळ. भिंतीवर 'झालाच पाहिजे' अजून ताजं आहे. मधूची आई, माई, दारातच उभी. म्हणाली, "तुम्ही ते गायकवाड मास्तर. हा तुरुंगातलं काही सांगायला लागला की तुमच्या नावाशिवाय याचं पानच हलत नाही." वडील अण्णा, कचेरीतून निवृत्त, दिवसभर पेपर नाहीतर पंचांग. आत माईने यमुनेला पाटावर बसवून केसांना तेल लावलं. यमुनेला आई आठवत नाही. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, म्हणाली तेल गेलं.

मला फार बरं वाटलं. उगाच घाबरलो होतो.

शनिवार, २७ एप्रिल

सकाळी चहा घेताना माईने सहज विचारलं, "तुमचं कुलदैवत कुठलं हो?" यमुनेने माझ्याकडे पाहिलं. मी कपाकडे. मधू एकदम म्हणाला, "माई, साखर कमी आहे." साखर बरोबर होती.

म्हणजे सांगितलेलं नाही.

संध्याकाळी चौपाटीवर त्याला गाठलं.

"काय सांगायचं?" म्हणाला. "माझा मित्र आहे, एवढं सांगितलंय. जात सांगायची म्हणजे तीच पुन्हा हाताला धरून घरात आणायची ना रे?"

मनापासून बोलत होता. इतिहासाचा मास्तर मी, सनावळ्या तोंडपाठ, आणि मित्राला द्यायला उत्तर नाही. बोटाने ओल्या वाळूत उगाच रेघा ओढत बसलो. तो म्हणाला, "चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

यमुनेला सांगितलं. ती नुसतं "बरं" म्हणाली. तिचं 'बरं' मला ठाऊक आहे.

रविवार, २८ एप्रिल

दादरला समुद्रावर. ज्यांनी नागपूरला आम्हांला दीक्षा दिली त्यांना डिसेंबरात इथेच अखेरचा निरोप दिला. मी तापाने फणफणलो होतो, माझ्यापायी यमुनाही राहिली. तेव्हापासून तिच्या मनात सल आहे. आज तिने फुलं ठेवली, हात जोडून कितीतरी वेळ उभी राहिली. मी जरा मागे होतो.

निघताना म्हणाली, "मंगळवारी माईंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे. माझी ओटी भरायची म्हणताहेत. खण आणलाय माझ्यासाठी."

मी: मग?

"मग काय? इथं उभं राहून आले आणि तिथं गौरीपुढं बसू? आपल्या शपथेत गौरीचं नाव आहे, तिला मानणार नाही म्हणून."

मी म्हटलं, डोकं दुखतंय म्हणून पडून राहा.

हे वाक्य मी बोललो याची लाज अजून वाटते आहे.

मंगळवार, ३० एप्रिल

आज झालं. मी आणि मधू खाली होतो, यमुनेने सांगितलं तसं लिहितो.

सकाळी दोघी कैऱ्या किसत होत्या. यमुना म्हणाली, "माई, मी पन्हं वाटते, बायकांचं सगळं हवं-नको बघते. पण देवीपुढं बसणार नाही, ओटी घेणार नाही. आम्ही नागपूरला दीक्षा घेतलीय."

माईचा हात किसणीवर थांबला. "म्हणजे तुम्ही..."

"हो."

"मधूला माहीत आहे?"

"पहिल्यापासून."

माई म्हणाली, "मग मला एकटीलाच माहीत नव्हतं म्हणायचं." आणि पुन्हा किसायला लागली.

संध्याकाळी चाळीतल्या बायका आल्या. आरास छान होती, कलिंगडाचं कमळ यमुनेनेच कापलेलं. यमुनेने किसलेल्या कैरीचीच डाळ माईने देवीला दाखवली आणि तीच सगळ्यांना वाटली. बायका मागून मागून खात होत्या. यमुना पन्ह्याचे पेले भरत होती. माईने कुणाला काही सांगितलं नाही. मी गॅलरीतून बघत होतो, वाटलं, जिंकलो. मधूने माझ्या पाठीवर थाप मारली.

जेवायला बसलो तर माईचं पान नाही. "आज माझा उपास आहे."

बुधवार, १ मे

आजही उपास. अण्णांनी पंचांग काढलं, चष्मा पुसून बघितलं, म्हणाले, "आज कसला उपास?" माई म्हणाली, "माझा आहे." अण्णांनी पंचांग मिटलं. दूध आणि दोन केळी, एवढंच तिचं जेवण.

आम्हांला मात्र काहीच कमी नाही. तेच ताट, तीच वाटी, पोळीवर तूप आग्रहाने. तोंडातून एक वावगा शब्द नाही. फक्त आम्ही वावरतो त्या स्वयंपाकघरातलं शिजलेलं ती खात नाही. भांडता यावं असं तिने काही ठेवलेलंच नाही. मला राग येतो, पण तो माईवर धरवत नाही, ही पंचाईत.

गुरुवार, २ मे. अक्षय्य तृतीया

माईने पुरणपोळ्या केल्या, आमरस केला. स्वतः केळं. यमुनेने अर्ध्या पोळीवर हात आखडला.

नंतर गॅलरीत आम्ही तिघं. मधूचं म्हणणं, जाऊ नका. "तुम्ही गेलात की तिचा हट्ट खरा ठरला. दोन दिवस काढा, ती आपोआप जेवेल." खरं सांगायचं तर मलाही राहायचं होतं. प्रेमाने नव्हे, इरेला पेटून. इथून हललो तर कायमचा हललो असं वाटत होतं.

यमुना म्हणाली, "भाऊजी, तुम्हां दोघांना जिंकायचंय. आत एक म्हातारी बाई उपाशी आहे."

मधू म्हणाला, "वहिनी, ती तुमच्यामुळे उपाशी आहे आणि तुम्हालाच तिची काळजी?"

"माझ्या केसांना तेल लावलंय त्यांनी."

आणि ती आत जाऊन सामान बांधायला लागली.

शुक्रवार, ३ मे. वरळी

सकाळी निघालो. माईने बेसनाच्या लाडवांचा डबा यमुनेपुढे धरला. "मी केलेत. घेशील ना?" यमुनेने घेतला, वाकून नमस्कार केला. माईने आशीर्वाद दिला, पण डोक्यावर ठेवायला उचललेला हात मध्येच राहिला. तिचं तिलाच ते कळलं असावं, लगेच आत गेली. आम्ही तिच्या हातचं घ्यावं, याला कधीच कुणाची हरकत नव्हती. हे मी जिना उतरताना मधूला म्हणालो. त्याने खाली बघून सामान उचललं.

अक्काची एकच खोली. आम्ही आलो म्हणून तिची मुलं शेजारी झोपायला गेली. साडू गिरणीतली पाळी करून आले, मला बघून म्हणाले, "आले का गिरगावकर?" हसले. मग ताट पुढे आल्यावर म्हणाले, "मुंबई महाराष्ट्राला मिळेल हो मास्तर. गिरगाव वरळीला कधी मिळतंय ते बघा."

सुक्या बोंबलाची चटणी, भाकरी. आठवड्यात पहिल्यांदा मी कुणाकडे न बघता जेवलो. पोट भरलं, मन नाही. मधूशिवाय मुंबई म्हणजे मला नुसतं हिंडणं वाटतं, आणि हे अक्काच्या घरी बसून लिहिताना वाईट वाटतं.

रविवार, ५ मे

मधू आला. चाळीच्या नंबरांत चुकून भलत्याच खोल्यांची दारं ठोठावून आला, घामाने निथळत होता. अक्काने चहा दिला, त्याने बशीत ओतून प्यायला, पुन्हा मागितला. मग म्हणाला, "माईचा निरोप आहे. बुधवारी दोघांनी जेवायला या. म्हणाली, माझं पान त्यांच्याच ओळीत मांड."

मी उठलोच. मला वाटलं आत्ताच निघावं, बुधवारपर्यंत थांबावं कशाला! मधूचे डोळे भरले होते. त्या घरात हे वाक्य निघायला काय सोसावं लागलं असेल ते त्याला ठाऊक.

अक्का चुलीपाशी पाठ करून उभी होती. दोघांनी या, म्हणजे आम्ही दोघांनी; अक्काला बोलावणं नाही. यमुना तिच्याकडे बघत होती.

म्हणाली, "माईंना सांगा, मी रागावलेली नाही. मुळीच नाही. पण मी त्यांच्या घरी आठवडा राहिले. आता त्यांनी एकदा इथं यावं. अक्काच्या हातचा चहा घ्यावा. मग म्हणतील तेव्हा मी जेवायला येते, पुरण वाटायला बसते."

बशीतला राहिलेला घोट मधूने प्यायला. "विचारून सांगतो," म्हणाला.

तो गेल्यावर मी यमुनेला चिडून विचारलं, एवढं झालं तेवढं पुरे नव्हतं का? एका म्हातारीकडून किती मागायचं? ती म्हणाली, "तुम्हीच शाळेत शिकवता ना, अर्धं स्वराज्य नको, पुरं हवं म्हणून?" आणि कपबशा विसळायला गेली.

मंगळवार, ७ मे

काल निरोप नाही. आज सकाळीही नाही. परवा नाशिक.

यमुनेचं बरोबर आहे, हे मला दोन दिवसांत कळलं आहे. तरी मनाच्या एका कोपऱ्यात मी अजून तिच्यावर चिडलेलोच आहे, कारण माई आली नाही तर माझा मित्र जाईल. आणि यमुनेची जाईल ती माई. तिने ते आधीच हिशेबात धरलेलं दिसतं.

दुपारी अक्काने विचारलं, "यमे, त्या बाई आल्याच तर बसवायचं कशावर गं? जमिनीवरून उठायला त्रास होत असेल त्यांना."

साडू म्हणाले, कोण येतंय? मीही तेच म्हणणार होतो.

यमुना बाहेर गेली आणि शेजारून खुर्ची मागून आणली. एका पायाला हलते. तिने पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली, बसून बघितलं, पुन्हा नीट केली.