वाणात गेलेलं वायफाय

१९ मे, मंगळवार. सकाळी.
आजपासून रोजनिशी. थोर संशोधकांच्या रोजनिश्या पुढं लोकांना सापडतात. तेव्हा वेळेवर लिहिलेल्या बऱ्या.
कारण असं की काल गच्चीवर मी वायफाय पकडलं. टीव्हीची मोडकी छत्री उलटी धरली, तिच्या तोंडाशी नेटचा डोंगल सुतळीनं बांधला आणि छत्रीचं तोंड ग्रामपंचायतीच्या खांबाकडं फिरवलं. ग्रामपंचायतीचं जे फुकट वायफाय खुद्द ग्रामपंचायतीत लागत नाही, ते माझ्या गच्चीवर आलं. दीड मिनिट टिकलं.
जन्म टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून गेला. वायरलेस म्हणजे तेच काम, वायर वजा करून. दिंद्रुडात हे कुणाला कळणार?
भिवरा (पत्नी) गच्चीवर आली, बघून गेली. जाताना म्हणाली, रिकामी असली छत्री तर पापड वाळू घालते.

२० मे.
युट्यूबवर ब्राझीलचा एक माणूस हुबेहूब माझी छत्री लावून बसलेला सापडला. व्हिडिओ नऊ वर्षांपूर्वीचा. चोर किती आधीपासून तयारीला लागतात!
बातमीही वाचली. अमेरिकेत वायफायच्या पेटंटवरून दोन कंपन्या कोर्टात गेल्या. एक म्हणे लहर आमची, दुसरी म्हणे लहर सगळ्यांची. पहिली जिंकली. लहरीला मालक असतो, हे वयाच्या साठाव्या वर्षी कळलं.
निश्चय: पेटंट घेणे. व्यायामही सुरू करणे.

२४ मे, रविवार.
धोंड्याचा महिना. जावई तानाजीराव आणि आमची वर्षाराणी तेलगावहून जेवायला आले. वर्षाराणीला पाचवा चालू आहे. चेहरा भरलाय.
जावयाला वाण द्यायचं: तेहतीस अनारसे, दिवा, ताट. घरातलं तांब्याचं ताट काळं पडलेलं. मला सुचलं, अनारसे छत्रीतच मांडावेत. घासून लख्ख केली. मधोमध दिवा, भोवती अनारसे. संशोधन जावयाच्या नजरेस पडावं, पण मी मुद्दाम दाखवतोय असं दिसू नये. भिवरा म्हणाली, हे शोभंल का वं? म्हटलं, नव्या जमान्याचं ताट आहे.
पाय धुतले, वाण दिलं. वर्षाराणीनं फोटो काढला. मग डोंगल कुठं बांधायचा, तोंड किती फिरवायचं, सगळं जावयाला तासभर समजावलं. तो नुसता हूं हूं करत होता. डोक्यात काही शिरलं नसावं. रानातला माणूस.
जाताना छत्री घेऊन गेले. अनारसे सुटे नेले तर मोडतील म्हणून भिवरानंच फडक्यात बांधून दिली. हरकत नाही. ताट माघारी येतंच. तोवर मी भंगारातून दुसरी आणली.

व्यायाम उद्यापासून.

२ जून.
ताट आलं नाही.
वर्षाराणीचा फोन आला. व्हिडिओ कॉल! तोही आखाड्यावरून! आखाडा म्हणजे त्यांचं रानातलं घर, तेलगावच्या बाहेर. तिथं साधं बोलायचं तर बांधावर जाऊन हात वर करावा लागतो. आज नाकातली चमकीसुद्धा दिसत होती. भिवरा रडली. मी विचारलं, नेट कुठून? म्हणाली, अप्पा, तुमची छत्री ह्यांनी पत्र्यावर लावली, दुकानाकडं तोंड करून. लई भारी चालतंय. (दुकान म्हणजे व्याही राधाकिशन यांचं गावातलं खताचं दुकान. तिथं वायफाय आहे.)
माझं दीड मिनिट टिकतं. त्याचं दिवसभर. मुळापेक्षा चांगलं चालणं, हाच चोरीचा पुरावा.

३ जून.
मागणी अगदी लहान ठेवली. पैसा नको. छत्रीखाली फक्त पाटी हवी: ‘संकल्पना व संशोधन – त्रिंबकराव, दिंद्रुड.’ जावयाला फोन करून सांगितलं. म्हणाला, मामा, पाटी वारं धरंल, छत्री हलंल.
अमेरिकेत एवढ्यावर लोक कोर्टात जातात.

८ जून, सोमवार. माजलगाव.
आश्रुबा वकिलांकडं गेलो. नामांकित माणूस, पण फक्त बांधाचा. तालुक्यात ज्याचा बांध कोरला जातो तो आश्रुबांकडं येतो, आणि ज्यानं कोरला तोही.
सगळं ऐकून त्यांनी विचारलं, गट नंबर? म्हटलं, लहरीला गट नंबर नसतो. म्हणाले, मग चतुःसीमा सांगा. सांगितली: पूर्वेस खताचं दुकान, पश्चिमेस आखाडा, दक्षिणेस बाभूळ. उत्तरेस काही सुचेना, आकाश लिहायला सांगितलं. वहिवाट किती वर्षांची? म्हटलं, दीड मिनिटाची. तेही लिहून घेतलं.
मग विचारलं, पेटंट हाय का? म्हटलं, होईल. पेन खाली ठेवून म्हणाले, आवो त्रिंबकराव, सातबारा न्हाई अन् अतिक्रमणाचा दावा लावता व्हय? पण नोटीस देऊ. नोटिशीला सातबारा लागत न्हाई.
माणूस तयारीचा वाटला.

१२ जून.
नोटीस गेली. मायना मी सुचवला. धोंड्याचा महिना अजून संपलेला नाही. जावयाला विष्णूचा मान, त्याला खडसावता येत नाही. म्हणून असं लिहिलं: ‘विष्णुस्वरूप जावईबापू तानाजीराव यांसी शिरसाष्टांग नमस्कार. आपण आमचे अशिलाचे लहरीवर अतिक्रमण केले असून, पंधरा दिवसांत छत्री काढून घ्यावी. अन्यथा दिवाणी व फौजदारी कारवाई होईल. सौ. वर्षाराणीस आशीर्वाद. तिने जड उचलू नये.’
भिवराला सांगितलं नाही. कायद्याच्या बाबी गुप्त असतात.

१६ जून.
भिवराला कळलं. वर्षाराणीनं पाकीट फोडून व्हिडिओ कॉलवर तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. तेही माझ्याच लहरीवरून!
वरणात मीठ नव्हतं. विचारलं तर म्हणाली, लहर घ्या की वरून.

२७ जून.
उत्तर आलं. व्याही राधाकिशनांनी वकील न लावता स्वतः लिहिलंय, खताच्या बिलाच्या पाठीवर. म्हणणं असं: छत्री चोरलेली न्हाई. अधिक महिन्यात वाण म्हणून दिलेली हाय. वाणासंगं ताट जातं. जे माघारी मागतंय त्याला दोष लागतो. आणि ती कशी चालवायची, हेही तुमीच बसून शिकवलं. मग आता कावून भांडता?
सोबत फोटो. मी वाकून जावयाचे पाय धरलेत. छत्री जावयाच्या मांडीवर. माझं तोंड हसरं.
आश्रुबांनी फोटो उजेडात नेऊन पाहिला. म्हणाले, हे तर खरेदीखतावर सही केल्यावानी झालं. म्हटलं, छत्री दिली, डोकं नाही दिलं. ते म्हणाले, फोटोत तर डोकं बी पायावरच दिसतंय.
मुद्दा आता एकच उरला. ताट वाणात मोडतं की नाही? गुरुजींना विचारलं. म्हणाले, तांब्याचं असेल तर मोडतं, पत्र्याच्या छत्रीबद्दल शास्त्र गप्प आहे. गप्प, म्हणजे विरोधात नाही. म्हणजे माझ्या बाजूनं.

५ जुलै, रविवार.
सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. भिवरानं खोलीला चुना दिला, बाजेला नवी दोरी भरली, डिंक आणला. मी गाडी ठरवायला फोन केला.
वर्षाराणी म्हणाली, अप्पा, आधी दावा काढा, मग येते. ज्या घरात माझ्या नवऱ्याला चोर म्हणलं, त्या घरात मी लेकरू न्हाई आणणार. म्हटलं, चोर नव्हे गं, अनधिकृत वापरकर्ता. फोन कट झाला. रेंज गेली असावी.
निश्चय: नमायचं नाही. आठव्या महिन्यात तिला आपोआप समजेल.

२ ऑगस्ट, रविवार.
आठवा. समजलेलं नाही.
भिवरा सकाळी शेजारी येऊन बसली. चांगल्या सुरात म्हणाली, काढा ना वं तो दावा. पाटीच पाहिजे ना? आपल्या गोठ्यावर लावते, दोन लावते. म्हटलं, प्रश्न पाटीचा नाही, तत्त्वाचा आहे. उठता उठता म्हणाली, मग त्या नव्या बाजेवर तत्त्वालाच निजवा.
अमेरिकेतली ती दुसरी कंपनी अपिलात गेली म्हणे. लढाया अशा लांबतातच.

१० ऑगस्ट, सोमवार.
विजय!
तानाजीरावांनी छत्री काढली. तेलगाव फाट्यावर येऊन त्यांनी फोटो पाठवला. पत्र्यावर नुसता लोखंडी दांडा उरलाय. खाली लिहिलंय: मामा, काढली. हिला ताण नको.
दिंद्रुडच्या इतिहासात वायरलेसचा पहिला निकाल. आश्रुबांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, चला, बांध मोकळा झाला. भिवराला सांगितलं. तिनं विचारलं, मग आता पोरगी दिसणार कशी? तांत्रिक प्रश्न आहे, बघतो म्हटलं.

१६ ऑगस्ट.
सहा दिवसांत कॉल नाही. माझ्याकडं मात्र रेंजच्या पाचही कांड्या.

२० ऑगस्ट.
भिवरा तेलगावला गेली. डिंकाचे लाडू, बाळंतविडा, जुनी लुगडी, सगळं एका बोचक्यात. म्हणाली, लेक येत न्हाई तर माय जाईल. चटणी डब्यात हाय. म्हैस सांजच्याला तुमची वाट बघंल, टायमावर धार काढा.
म्हैस मला लाथ मारते. तिलाही कुणीतरी फितवलेलं दिसतंय.

६ सप्टेंबर, रविवार.
भिवराचा फोन. बांधावरून. वाऱ्याचा आवाज जास्त, तिचा कमी. मुलगी झाली! माजलगावच्या दवाखान्यात, परवा. दोघी बऱ्या. आजच आखाड्यावर आणलं.
परवा? आणि मला आज? म्हणाली, धावपळीत कुणाला सुचतंय? म्हटलं, फोटो धाड. म्हणाली, हितं कुठलं आलंय नेट? विचारलं, दिसते कशी? कुणावर गेलीय? म्हणाली, काय?
तीनदा विचारलं. तीनदा म्हणाली, काय?

८ सप्टेंबर.
माजलगावला जाऊन दावा मागे घेतला. म्हणजे घ्यायला गेलो. आश्रुबा म्हणाले, लावला कधी होता? नुसती नोटीस होती ती. म्हणजे कायद्यानं मी कुठंच हरलेलो नाही. हे नोंदवून ठेवतो.

१३ सप्टेंबर, रविवार. घरी आल्यावर.
आज तेलगावला जाऊन आलो. झबलं, टोपडं, पेढे घेऊन.
व्याही अंगणातच भेटले. वाटलं, काही बोलतील. म्हणाले, या, आजोबा. तानाजीराव वाकून पाया पडले. वर्षाराणी दारात आली, डोक्याला फडकं बांधलेलं. अप्पा म्हणाली आणि माझ्या हातातलं झबलं-टोपडं घेतलं. पाळणा आत. बाळ आत्ताच न्हाऊन झोपलंय, उठलं की बघा, उठवलं तर रडंल, असं भिवरा म्हणाली.
झोपलंय तोवर वेळ कशाला घालवायचा? म्हटलं, छत्री कुठं आहे? मोकळ्या मनानं परवानगी दिली. पाटीचीही अट घातली नाही. तानाजीराव म्हणाले, मामा, मी लावतो की. म्हटलं, मूळ संशोधक हजर असताना?
पत्र्यावर चढलो. छत्री दांड्यावर बसवली, तोंड दुकानाकडं. नाही लागलं. थोडं डावीकडं. नाही. खालून भिवरानं हाक मारली, उठली वं, या खाली! म्हटलं, आलोच, हे लागत आलंय. थोडं वर. थोडं खाली. राधाकिशन खालून म्हणाले, व्याही, चहा निवला. वर्षाराणी म्हणाली, अप्पा, बघा, डोळे उघडलेत तिनं. म्हटलं, एवढं लावलं की रोजच बघतो, व्हिडिओवर.
भिवरानं पुन्हा हाक मारली, झोपली परत.
उन्हं कलली. लागलं नाही. पत्रा तापला होता, दुकान लांब होतं, सुतळी निकृष्ट होती. एस.टी. शेवटची. सगळे म्हणाले, राहा आज. पण घरी म्हशीची धार काढायला कोण? घाईत उतरलो, घाईत निघालो. फाट्यापर्यंत तानाजीरावांनी गाडीवर सोडलं. पेढे द्यायचे राहिले म्हणून त्यांच्या हातात दिले.
एस.टी.त बसून थोडं पुढं आलो आणि फोन वाजला. व्हिडिओ कॉल, आखाड्यावरून! म्हणजे छत्री लागली. तानाजीरावांनी परत जाऊन बोटभर फिरवली असणार, पण पाया माझाच. स्क्रीनवर पंख्याचं पातं आलं. मग भिवराचा कोपर. मग पिवळ्या दुपट्याचं टोक. दिसतीय का वं? भिवरा ओरडत होती. दिसतीय, दिसतीय, मी ओरडलो. आणि रेंज गेली.
शेजारच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, नात का, दादा? कुणावर गेलीय?
म्हटलं, माझ्यावर.