कोवळं ऊन आणि माशाचं तेल

आई, तू गेलीस त्याला अकरा वर्षं झाली. तू न पाहिलेल्या तुझ्या नातीनं काल जळगावच्या बाजारात हातभर बांगड्या भरल्या. मनगटावर इसब होतं तोवर बांगडी नुसती टेकली तरी ती रडायची, म्हणून हे तुला सांगावंसं वाटलं.

मला होतं तसंच तिला. खाजवून रक्त काढायची. मी तुझंच केलं, कडुलिंबाचं पाणी आणि खिडक्या लावलेली खोली. माझं लहानपण अजून डोळ्यांपुढे येतं, तू दारात उभी आहेस आणि मला म्हणते आहेस, “घरमा बस. उनमा बठ्ठं आंग सोलाई जाई.” उन्हानं सगळं अंग सोलून निघेल हे तुझं चुकलं असं नाही, आपल्याकडच्या उन्हाला कोण भीत नाही? पण इथले डॉक्टर म्हणाले, “उन्हातून एक जीवनसत्त्व मिळतं. मुडदूस झालेल्या पोरांना त्याचा गुण येतो. इसबाला येईलच अशी हमी नाही, पण पोर पांढरीफटक पडलीय. सकाळचं ऊन द्या.” मी तिला रोज गच्चीवर, वाळत घातलेल्या ज्वारीच्या पापडांच्या, आपल्या बिबड्यांच्या राखणीला बसवलं. पंधरा दिवसांत काही फरक नाही. डॉक्टरांनी विचारलं, “अंगात काय असतं?”

“लांब बाह्यांचं पोलकं, परकर. वरून माझं जुनं लुगडं.”

“अहो बाई, म्हणजे ऊन पोलक्यानं खाल्लं!”

मॅट्रिक झालेली मी, इतकी ओशाळले म्हणून सांगू! दुसऱ्या दिवसापासून हातपाय उघडे. वर त्यांनी माशाच्या तेलाची बाटली दिली. आपल्या माळकरी घरात! चार दिवस ती न्हाणीच्या कोनाड्यात न उघडता पडून होती. शेवटी पोरच म्हणाली, “आई, मासा मेलेलाच आहे ना? मग भितेस काय?” गच्चीवर काठी आपटत ती कावळ्यांना ओरडायची, “बिबड्याला चोच लावलीस तर तेल पाजीन!”

चैत्रापर्यंत मनगट मऊ पडलं. उन्हानं, तेलानं की देवाच्या कृपेनं, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. गुडघ्यामागे एक चट्टा आहे अजून, पण आक्रसतोय.

हे पत्र कुठं पाठवणार? पोथीत ठेवीन. एक मात्र तुला सांगायचं राहिलं. बाटली उघडली त्या पहिल्या दिवशी वासानं पोरच तोंड उघडेना, तेव्हा आधी चमचाभर मी प्याले. तू एदलाबादहून आणलेली तुळशीची माळ गळ्यातच होती. काढायचं सुचलंच नाही.