नदीच्या खालच्या अंगाला

सँडी बोअर कुरण,
९ एप्रिल १९८९

प्रिय क्लेम,

तुझं पत्र मंगळवारी टपालाच्या विमानानं आलं. मी आणि ग्लेन बरे आहोत. तू आणि थेल्माही बरे असाल.

इकडची हवा विचारलीस. एप्रिल लागला तरी उन्हाळा जाता जात नाही. सकाळीच छपराचे पत्रे तापून कडकड वाजायला लागतात, दुपारी कुत्री टाकीच्या सावलीतून हलत नाहीत. परवा लाल धुळीचं वादळ येऊन गेलं, अजून पाव खाताना दाताखाली रेती येते. पण पुराचं पाणी पसरलं तिथे गुडघाभर गवत आलंय, गुरं माजलीत. मर्वनं किती वर्षं या गवताची वाट पाहिली! आता मला ते बघवत नाही.

तू लिहिलंस, "निसर्गापुढे कुणाचं चालत नाही." पाद्रीही हेच म्हणाला. त्याचं ठीक आहे, तो शहरातला. तू आणि मी याच नदीवर वाढलो. पाऊस वर डोंगरात पडतो आणि इथे ढगाचं नाव नसताना कोरड्या पात्रातून पाणी येतं. म्हणून तर वरच्यानं खालच्याला फोन करायचा. आपल्या बाबांचं कुठल्या शेजाऱ्याशी पटलं होतं? तरी त्यांचा फोन कधी चुकला नाही. तुझ्या फाटकापासून माझ्यापर्यंत यायला पाण्याला अख्खा दिवस लागतो, क्लेम.

त्या दुपारी नदीच्या पात्रातल्या डबक्याच्या चिखलात गाय रुतली होती. मर्व कमरेपर्यंत उतरून तिला दोर बांधत होता, ग्लेन काठावर ट्रॅक्टरवर होता. आभाळ निळंशार. पाण्याचा लोंढा येताना बघून ग्लेन ओरडला, मर्व वळलाही, पण चिखलानं पाय सोडले नाहीत. स्वतःचा बाप समोर वाहून जाताना पाहिलाय माझ्या पोरानं.

मर्व सापडायचा होता, तरी मी घरात येऊन आधी खालच्या कुरणावर डोरीनला फोन लावला. "नदी निघालीय, माणसं वर घे." ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंस बाई. मर्व काय म्हणतोय?" मी फोन ठेवून दिला.

तुझा फोन बिघडला असेल, असं मी स्वतःला समजावत होते. अंत्यविधीला थेल्मा एकटीच आली आणि माझ्या स्वयंपाकघरात रडायला लागली. "वरून निरोप आला तशी यानं आपली गुरं टेकडीवर हलवली गं. मी म्हटलं, नोलाला कळव. तर म्हणतो, मर्व एवढा शहाणा आहे ना, बघू दे आभाळ आणि ओळखू दे."

शर्यतींच्या मेळ्यात मर्वनं तुला चारचौघांत वासरूचोर म्हटलं, ते तुला झोंबलं. आमच्या वासरांवर तुझ्या मालकीचा डाग दिलेला होता, दुसरं काय म्हणायचं त्यानं? त्यासाठी तू माझा नवरा मारलास. हवामानावर ढकलू नकोस.

रस्ता सुकला की भेटायला येतो म्हणतोस. येऊ नकोस. फाटकाला मी कुलूप घातलंय.

पण ग्लेन आता त्याच डबक्यात उतरून गुरं काढतो, आणि वरच्या अंगाला तूच आहेस. तिथे दुसरं कुणी असतं तर मी हे पत्र लिहिलंच नसतं. पाणी निघालं की फोन कर. हवं तर मला शिव्या घाल, पण फोन कर.

तुझी शेजारीण,
नोला