उजव्या बाजूची धूळ

तलासरी, चैत्र

आमच्या निलमबाई, मुक्काम अहमदाबाद, उपग्रहाचे ऑफिस,

तुझा काका भिका याचा आशीर्वाद घेणे. (बाई म्हटले म्हणून हसू नकोस. आपली पुतणी ढगांच्याही वरून बघायला लागली की तिला कसे बोलवावे हे मला अजून उमगलेले नाही. म्हणून सुरुवातीला बाई, आणि पुढे नेहमीसारखे अगं.) कणसरी देवीच्या कृपेने कणगीत भात आहे. तुझी काकी बुधीबाई ठीक आहे, तिचा आवाज तर फारच ठीक आहे. तुझा खोकला गेला का? तिकडची हवा कोरडी, डोक्याला तेल लावत जा. पत्र अशासाठी लिहितो की फोनवर बोलायला लागलो की बुधीबाई शेजारी येऊन बसते, आणि मला जे सांगायचे असते ते तिच्यासमोर सांगता येत नाही.

काम असे आहे. इथे डोळ्यांचे शिबिर झाले. डॉक्टरबाईंनी माझ्या उजव्या डोळ्यावर बॅटरी मारली आणि मोतीबिंदू पिकलाय, काढू या, असे चिकू उतरवायला आल्यासारखे सांगितले. (चिकूवालासुद्धा आधी दाबून बघतो.) पौर्णिमेनंतरच्या सोमवारी डहाणूला ऑपरेशनला बोलावले आहे. मला हे मान्य नाही. माझ्या डोळ्याला काही झालेले नाही, जे झाले आहे ते आभाळाला. तेव्हा तू उपग्रहातून नीट बघ आणि तलासरीवर धूळ आहे एवढे कागदावर लिहून पाठव. तो कागद डॉक्टरबाईंना दाखवला की माझी सुरी टळली.

हे मी मनाचे सांगत नाही, तूच सांगितले आहेस. संक्रांतीला तू आली होतीस तेव्हा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचा कुठला तरी डोंगर फुटल्याचे बोलली होतीस. त्याचा धूर ढगांच्याही वर गेला, म्हणालीस. आपण शेतात पालापाचोळ्याचा राब भाजतो त्याचा धूर खालीच राहतो, पाऊस आला की धुऊन जातो. (आमच्या राबाचा धूर तुझ्या यंत्रात दिसला असला तर तो माझाच समज, आणि वरच्या साहेबांना सांग की भात हवा तर राब भाजावाच लागतो.) पण त्या उंचीवर पाऊसच नाही. मग तिथली धूळ धुणार कोण? ती वर्ष-दोन वर्षे तशीच तरंगते, पृथ्वीभोवती हळूहळू फिरते, आणि तिच्यामुळे संध्याकाळ जांभळी होते. मी विचारले, एवढी पातळ धूळ तुम्हाला दिसते कशी? तेव्हा तू पांड्याच्या हातातला ताडीचा ग्लास घेतलास. (पांड्या, तोच आपला ताडावर चढणारा. ग्लास परत मिळेपर्यंत त्याचा जीव खालीवर होत होता.) वरून बघ काका, नुसता फेस दिसतो, ते ढग. मग तू ग्लास उचलून सूर्यासमोर आडवा बघायला लावलास. आत बारीक बारीक गाळ फिरत होता. आमचा उपग्रह असाच कडेवरून उजेडाकडे बघतो, म्हणालीस.

तेव्हापासून माझे मन काही जमिनीवर नाही. दुपारी मोहाखाली खाट टाकून पडतो आणि वर जातो. कावळे खाली राहतात, घारी खाली राहतात, ढगांची पाठ खालून सरकत जाते, उन्हात वाळत घातलेल्या गोधडीसारखी. त्याच्यावर ना वारा, ना पाखरू, ना कुणाची हाक. तिथे ती धूळ बसलेली. बसलेली पण नाही, पडायचे विसरून गेलेली. मी तिच्यात बसतो, आणि आम्ही दोघे सावकाश फिरतो, खाली समुद्र येतो, वाळवंट येते, मग पुन्हा आपला डोंगर येतो. मोहाचे फूल अंगावर पडले की मी खाली येतो. खाली आलो तरी धूळ तशीच. चुलीवर, पाड्यावर, बैलाच्या तोंडावर. आता तूच सांग, हा मोतीबिंदू असेल का?

तरीपण म्हटले खात्री करावी. कडेवरून बघायचे तर कड पाहिजे. आमच्या पाड्यावर मावळतीला बांबूचे बेट आहे, तिथे पृथ्वीची कड कुठली दिसायला? जवळची कड म्हणजे नरपडचा समुद्र. पांड्याला घेतले, एसटीने डहाणू गाठले, तिथून रिक्षा. किनाऱ्यावर पोचलो तर समोर एक लांब, पांढरट, पातळ ढग पार खाली उतरलेला. माणसाच्या डोक्याइतका खाली. असा ढग आयुष्यात बघितला नव्हता. ओला आहे का बघावे म्हणून मी त्यात दोन्ही हात घातले. ते बोंबील होते. दोरीवर वाळत घातलेले. दोरी तुटली, अर्धे बोंबील वाळूत आणि अर्धे माझ्या गळ्यात. त्यांची मालकीण दक्षा नावाची कोळीण धावत आली आणि म्हणाली, “आजा, मासळी चोरायची तर काळोख तरी पडू दे.” पांड्याने तिला सांगितले की हे चोर नाहीत, हे आभाळ तपासायला आलेत. त्याने काही तिचे समाधान झाले नाही.

मग मी तिला सगळे समजावले. डोंगर, धूळ, ताडी. तिने बोंबील उचलता उचलता ऐकले. (मी पण उचलत होतो, बसून काय करणार.) तोवर सूर्य पाण्याला टेकला. तिने माझा डावा डोळा हाताने झाकला, हाताला वास, आणि विचारले सूर्य किती दिसतात? मी म्हटले दोन, दोन्ही धुरकट. मग उजवा झाकला. एकच दिसला, घासलेल्या थाळीसारखा. यावरून मी काढले ते असे की धूळ उजव्या बाजूला जास्त आहे, आणि समुद्राकडे तोंड केले की उजव्या हाताला गुजरात, तेव्हा ती तिकडूनच आलेली असणार.  दक्षाने मला खांद्याला धरून उलटे फिरवले आणि सुरूच्या झाडांकडे बघायला सांगितले. आता गुजरात डाव्या हाताला आला. पण धूळ उजवीकडेच राहिली. पांड्या म्हणाला, “भिका, तुझी धूळ पाळीव आहे रे. तू फिरशील तशी फिरते.” कोळीण इतकी हसली की बोंबलांचे नुकसान विसरली आणि जाताना मूठभर बांधूनही दिले. चांगले आहेत. तुझ्यासाठी ठेवतो.

तरी तू एकदा बघच. तुमच्या यंत्राला पांड्यापेक्षा जास्त कळत असेल.

तुझा काका,
भिका

ता. क. कागद पाठवू नकोस. पत्र लिहून झाल्यावर मोहाखाली बसलो होतो. उजवा डोळा मिटला तर झाड फांदीफांदीने दिसले. पलीकडे बुधीबाई फुले वेचत होती. तिचे केस इतके पांढरे कधी झाले, मला कुणी सांगितले नाही. डावा मिटून उजव्याने बघितले तर झाडही गेले आणि ती पण गेली. तेव्हा ती धूळ डोंगराची नाही.

आणखी एक. वर काकीचा आवाज ठीक आहे असे लिहिले ते खोटे आहे. शिबिरातून आल्यापासून ती मला टाकून बोललेली नाही. आधी फोनवर शेजारी बसली की माझी वाक्ये पुरी करायची, आता नुसती बसते. ती घाबरली आहे. मी सुरीला घाबरत नाही. पट्टी सोडतील तेव्हा समोर काहीच नसले तर काय, याला घाबरतो.

शेवटचे. वरून बघितले की फेसच दिसतो, आतले बघायचे तर बाजूने बघावे लागते, हे तूच दाखवलेस. सोमवारी वरून बघू नकोस. डहाणूला ये आणि माझ्या बाजूला बस. उजव्या.