मोठ्या स्पीकरचं दुसरं हँडल

अरे, तू ड्यूटीवरून येशील तेव्हा मी कार्यक्रमाला निघून गेलेली असेन.

जुना मोठा स्पीकर न्यायला दुकानदार येईल, त्याला चहा पाज आणि परत पाठव. विकायचा नाहीये. तुझी शिफ्ट बदलल्यापासून त्याचं दुसरं हँडल धरायला कुणी नाही, म्हणून मी एका हाताने उचलता येणारा छोटा घेतला. चुकलंच माझं. काल माझ्या बेस गिटारचा आवाज दुसऱ्या रांगेपलीकडे पोचलाच नाही. ड्रमवाला म्हणाला, "ताई, वाजवत होतीस की नुसती बोटं हलवत होतीस?"

आज छोटाच नेतेय. रविवारी सुट्टी घे, मोठा नेऊ. जिन्यात तू मागून "हळू, हळू" असं खेकसल्याशिवाय मला वाजवायला निघाल्यासारखं वाटतच नाही रे.