मागच्या खोलीचं बटण

बाबा,

“खोलीत माणूस नाही, मग दिवा कशाला गं जळतोय?” आईचा हा आवाज अजून या घराच्या बटणाबटणावर बसलेला आहे. म्हणूनच काल फिरायला निघताना तुम्ही मागच्या खोलीचं बटण बंद केलंत, आणि वर मलाच म्हणालात, “मशीनलाही विसावा नको का, बाई?”

आज तेवढं करू नका. तिथल्या कॉम्प्युटरमधलं, डिस्क सांभाळणारं जुनं कंट्रोलर कार्ड जळलं होतं, ते काढून नवीन बसवलंय. तुमच्या स्टुडिओतले सगळे फोटो, आईचेसुद्धा, चार डिस्कवर मिळून ठेवलेले आहेत. त्यातली एक गेली, तिच्या जागी कोरी घातलीय. उरलेल्या तिघी तिला आपल्याजवळचं आठवून आठवून सांगताहेत. काल ते मध्येच तुटलं, म्हणून आज पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंय. त्याही आता थकल्यात. आणखी एकीनं अंग टाकलं, तर आईचा एकही फोटो हाती लागायचा नाही. पडदा काळा दिसला तरी आत काम चालू असतं. हिरवा दिवा लुकलुकतोय ना, तेवढं बघा.

चहा थर्मासमध्ये आहे. मी संध्याकाळपर्यंत येते.

कार्ड बसवायला सुट्टी काढून आले, असं तुम्हाला सांगितलं होतं. ते निमित्त होतं, बाबा. तुमच्या जावयाचं घर मी कायमचं सोडलंय. उरलेलं सामान आणायला गेलेय. तुम्ही विचारलं नाहीत आणि माझ्या तोंडून निघेना.

माझ्या खोलीतला दिवाही लावून ठेवा. आता तिथे माणूस असणार आहे.